चर्मयोगी

दुकानातलं, सरळ शिवणीचं, चांगलं पाकीट घरात असताना जो माणूस स्वतः शिवलेलं वाकडं पाकीट चारचौघांत टेबलावर काढून ठेवतो आणि कुणी विचारेपर्यंत उचलत नाही, तो चर्मयोगी समजावा. मुंबई-पुण्याकडे ही जमात अलीकडे बरीच वाढली आहे. पूर्वी निवृत्त माणूस बोन्साय करायचा, नाहीतर पत्रिका बघायला शिकायचा. त्यात एक सोय होती. पत्रिकेतली चूक उघडकीला यायला दहाएक वर्षं लागत आणि तोवर ज्योतिषी किंवा जातक यांपैकी एकजण तरी गावात नसे. चामड्यातली चूक तिथल्या तिथे दिसते, तीही चौरस फुटाच्या भावाने. तरी चर्मयोगी डगमगत नाही. फळाची अपेक्षा न धरता कापत राहायचं, एवढा भाग त्याने गीतेतून उचललेला असतो.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत या जमातीचा अस्सल नमुना राहतो. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. उभा जन्म सरकारी बँकेत गेला, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला घातलेली मॉडेल्स चालवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला राग आला. लोकांनी तो व्हॉट्सअॅपवर काढला. अण्णांनी स्लो लोकल पकडली, सायनला उतरले आणि धारावीतून चामडं घेऊन आले. इटलीला उत्तर डोंबिवलीतून द्यायचं ठरलं.

चर्मयोगी आधी हत्यारं घेतो, मग काय करायचं ते ठरवतो. रापी, आरी, दोन जाड सुया, मेण लावलेला दोरा, कडा गोल करायचं अवजार, एका ओळीत भोकं पाडणारा काटा, लाकडी हातोडा. हे सगळं गॅलरीत मांडलेलं पाहून कुणालाही वाटावं की घोड्याच्या खोगिराची ऑर्डर आली आहे. पहिल्या महिन्यात तयार झाला तो एक किल्लीचा गोंडा. त्यालाही किल्ली लागेना, कारण भोक कडेच्या फार जवळ पडलं होतं.

पहिलं चामडंच चुकीचं आलं होतं. चामडं कमावण्याच्या दोन मुख्य रीती. एक झाडाच्या सालीची, ती आठवडे खाते. दुसरी क्रोमियमच्या क्षारांची, ती एक-दोन दिवसांत उरकते. क्रोमचं चामडं मऊ, रंगीत, दिसायला झकास. अण्णांना दिसायला झकास तेच आवडलं. पण हाताने शिवणाऱ्याला कडा घासून काचेसारखी चकचकीत करायची हौस असते, आणि क्रोमची कडा काही केल्या तशी होत नाही. अण्णा ती कडा पाणी लावून घासत बसले. दुपारी घासली, संध्याकाळच्या बातम्या बघत घासली. कडा होती तशी राहिली, अण्णांच्या अंगठ्याला मात्र झिलई आली.

दुसऱ्या खेपेला सालीचं चामडं आणलं आणि पट्टा करायला घेतला. अख्खं कातडं पसरलं की पाठीचा भाग घट्ट असतो, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. पट्टा पाठीतून काढायचा, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. अण्णांनी काटकसर म्हणून पोटाकडचा तुकडा वापरला. पट्टा रोज थोडाथोडा वाढू लागला आणि अण्णा रोज एकेक भोक आत जाऊ लागले. त्यांची समजूत झाली की सकाळचं चालणं लागू पडतंय. सोसायटीच्या बागेत त्यांनी यावर एक छोटं व्याख्यान दिलं, दोघांना भात सोडायला लावला. शेवटी वहिनींनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. वजन दीड किलोने वाढलं होतं. कमी झालं होतं ते फक्त पट्ट्याचं चारित्र्य.

इथे सामान्य माणूस हत्यारं माळ्यावर टाकतो. अण्णांच्या मदतीला मात्र बँक धावून आली. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला चूक या गोष्टीची भीती नसते, कारण तिथे चुकीसाठी स्वतंत्र खाती असतात. हिशेब जुळला नाही की फरक सस्पेन्समध्ये टाकायचा. कर्ज थकलं की त्याचं पुनर्गठन करायचं. अगदीच हाताबाहेर गेलं तर राइट ऑफ. अण्णांनी हीच पद्धत गॅलरीत लागू केली. बिस्किटांच्या एका डब्यावर ‘सस्पेन्स’ अशी चिठ्ठी लागली. ऑफिसची बॅग म्हणून सुरू झालेली वस्तू एक बाजू आखूड झाल्यामुळे फाइल म्हणून पुनर्गठित झाली. फाइलची शिवण तिरपी गेली म्हणून तिचं चष्म्याचं घर झालं. उरलेल्याच्या चहाच्या कपाखाली ठेवायच्या चकत्या. चकत्याही लंबगोल निघाल्या तेव्हा अण्णा म्हणाले, “अॅसेट आहे, फक्त स्टँडर्ड नाही.”

पाकिटाचा किस्सा तर सोसायटीत पाठ आहे. सहाशे रुपयांचं चामडं, दोन दिवसांची मेहनत, आणि माप घेतलं ते शंभराच्या नोटेवरून, कारण त्या वेळी घरात तीच होती. शंभराची नवी नोट 142 मिलिमीटर लांब, पाचशेची 150. अण्णांनी मोजून चार मिलिमीटर जागा सोडली होती. पाचशेची नोट बाहेर डोकावू लागली. आयुष्यभर नोटा मोजल्या, पण संख्येने. लांबीने मोजायची वेळ कधी आली नव्हती. एका मिनिटात त्यांनी स्वतःला सावरलं. “मुद्दाम केलंय. पाचशे दिसत राहिली की माणूस मोडायला कचरतो.” हे तत्त्वज्ञान ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी खरोखर तसंच एक पाकीट मागितलं. अण्णांना पुन्हा तसं जमेना. दुसऱ्यात पाचशेची नोट व्यवस्थित बसली आणि गिऱ्हाईक नाराज झालं.

सगळ्यात देखणी चूक झाली ती खलबत्त्याने. ओलं केलेलं चामडं सपाट व्हावं म्हणून अण्णांनी रात्रभर त्यावर लोखंडी खल ठेवला. सालीने कमावलेल्या चामड्यात टॅनिन असतं. ओलाव्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा डाग पडतो आणि तो सहजासहजी निघत नाही. हिरड्याच्या पाण्यात लोखंड मुरवून काळा रंग करायची आपल्याकडची जुनी रीत याच जोरावर चालते. सकाळी खल उचलला तर खाली काळंभोर, रेखीव वर्तुळ. वहिनी खलासाठी हळहळल्या. अण्णा मात्र ते वर्तुळ उजेडात धरून बघत राहिले आणि भरल्या गळ्याने म्हणाले, “गोल शिक्का!” त्यानंतर प्रत्येक वस्तूवर तो शिक्का मारण्यात आला. वहिनींनी दुसरा खल आणला आणि कुलपात ठेवला.

चर्मयोग्याच्या वस्तू वापरतं कोण? नातेवाईक. दिवाळी, भाऊबीज, मुंज, साखरपुडा यांतून सुटका नाही. जावयाला मोबाइलचं कव्हर मिळालं. ते शिवून होईपर्यंत जावयाने मोबाइल बदलला होता. मेहुण्याला चष्म्याचं घर मिळालं. तसंच एक अण्णा स्वतःही खिशात बाळगतात. त्यात चष्मा सुरेख जातो, बाहेर यायला मात्र तयार नसतो. एका हाताने घर धरायचं, दुसऱ्या हाताने काडी, आणि मग हलके हलके वाटाघाटी.

अण्णांच्या बाबतीत एक पथ्य आहे, ते आम्ही पाळतो. त्यांच्यापुढे ‘वस्तू छान झालीय’ असं म्हणायचं नाही. म्हटलं की कोल्हापुरी सुरू होते. म्हशीचं कातडं, बाभळीची साल, हिरडा. खिळा नाही, चामड्याच्या वादीनेच शिवलेली. 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नव्हे, आठ जिल्ह्यांना. चार महाराष्ट्रातले, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. चार कर्नाटकातले, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगावचं नाव आलं की श्रोत्यांमधला कुणीतरी सीमाप्रश्न काढतो आणि बाकीचे त्या गडबडीत निसटतात.

एवढं सगळं माहीत असलेल्या अण्णांना एक गोष्ट मात्र घरातच सापडते आणि ते ती टाळून पुढे जातात. त्यांच्या आजोबांच्या घरात कातडी वस्तू ओटीच्या पुढे येत नसे. कमरेचा पट्टा खुंटीला लावल्याशिवाय पानावर बसायची सोय नव्हती. त्याच घराण्याचा नातू आज देवघराच्या भिंतीला पाठ टेकून रापी चालवतो आणि यामुळे मन शांत होतं असं सांगतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केलं त्यांना मनःशांती मिळाली असं कुणी म्हटलं नाही. त्यांना मिळालं ते गावकुसाबाहेरचं घर. चर्मयोग्याला ही कला मोकळी मिळाली आहे, तिच्याबरोबरचा विटाळ मात्र त्याच्या वाट्याला आलेला नाही. नको झाली की ती केव्हाही ठेवून देता येते. चुका करायची चैन तिथूनच येते.

हे अण्णांना कुणी तोंडावर सांगितलं नाही. ते त्यांना दिसू लागलं स्टेशन रोडवरच्या मामांकडे. मामा बंद शटरच्या पायरीवर बसतात. पुढ्यात लोखंडी ऐरण, डबाभर खिळे, पाण्याचं भांडं, तुटलेल्या चेनच्या बॅगांची रांग. अण्णा पहिल्यांदा गेले ते सल्ला द्यायला. दोन सुयांची शिवण कशी मजबूत असते ते त्यांनी मामांना समजावलं. एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, दोन्ही एकाच भोकातून समोरासमोर. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली चप्पल पुढे चालू ठेवली. वरून आरी टोचली, खालच्या हाताने दोरा तिच्या आकड्यात अडकवला, वर खेचला, फास आवळला. पुन्हा टोचली. अण्णांचं व्याख्यान संपलं तेव्हा चप्पलही संपली होती. “तीस रुपये,” मामा समोरच्या बाईंना म्हणाले. अण्णांना काहीच म्हणाले नाहीत.

अण्णा जात राहिले. दोरा शिवणीच्या चौपट घ्यायचा, हे त्यांना मामांकडे कळलं. तोवर त्यांचा दोरा दर वेळी शेवटच्या दोन-तीन भोकांवर संपायचा आणि तिथे ते लाल दोरा जोडून त्याला ‘सिग्नेचर’ म्हणायचे. मामांनी लाल दोरा पाहिला आणि विचारलं, “साहेब, हा कमी पडला का?” महिनाभर जपलेली सिग्नेचर त्या एका प्रश्नात गेली. मामांकडे सस्पेन्सचा डबा नाही. रापी घसरली तर नवा तुकडा त्यांच्याच खिशातून येतो आणि गिऱ्हाईक तोंड करतं ते वेगळंच. म्हणून ते कापायच्या आधी हात दोनदा फिरवून बघतात. अण्णा आधी कापतात आणि मग दोनदा नाव बदलतात.

अलीकडे एक देवघेव सुरू झाली आहे. मामांचा मुलगा बँकेच्या भरतीची, आयबीपीएसची तयारी करतो. त्याला बापाच्या धंद्यात यायचं नाही आणि बापालाही तो यायला नको आहे. संध्याकाळी तो शटरच्या पायरीवर अण्णांकडून गणितं तपासून घेतो आणि मामा अण्णांची शिवण तपासतात. बँकेतून सुटलेला माणूस चामड्यात शिरतोय, चामड्यातून सुटू बघणारा पोरगा बँकेत. मधे ऐरण.

परवा अण्णा त्याला बजावत होते, “येत नसेल ते सोडून दे. प्रत्येक चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात.” पोराने मान डोलावली. मग त्याची नजर अण्णांच्या नव्या पाकिटावर गेली. त्याने ते उचललं, शिवणीवरून बोट फिरवत पुटपुटत मोजलं आणि वहीच्या कडेला आकडा मांडला. “एकूण अठ्ठेचाळीस टाके. बारा चुकले. बरोबरचे छत्तीस, त्यातून तीन वजा. तेहतीस, सर.”

अण्णांचा चेहरा उजळला. “म्हणजे कट-ऑफ पार?”

“गिऱ्हाईक कट-ऑफ नाही बघत, साहेब,” मामा मान वर न करता म्हणाले. “एकच टाका बघतं. सुटलेला.”

“सुटलाय? कुठला?” अण्णांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. एका हाताने घर धरलं, दुसऱ्या हाताने काडी. त्यांचा चष्मा बाहेर येईपर्यंत मामांनी तो टाका उसवून, नवा घालून, दोरा दाताने तोडलाही होता.