गळवाले अण्णा

बीड जिल्ह्यात वाटाड्या हवाच असेल तर पाण्याच्या टँकरला हवा, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण चौसाळ्यात, धुळे-सोलापूर महामार्गावरच्या चहाच्या हॉटेलात 'गळ टाकायला कोण नेतं?' असं विचारून बघा. चार बोटं एकाच बाकड्याकडे वळतात. तिथं अण्णा बशीतून चहा पीत असतात.

पुण्याच्या एका साहेबांनी त्यांना विचारलं होतं, "तुमचा काही कोर्स वगैरे?"

"दुष्काळ," अण्णा म्हणाले.

ही थापही नव्हे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, कारण धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. लोक आभाळाकडे बघत होते तेव्हा अण्णा धरणाच्या तळात हिंडत होते. कुठं खड्डा, कुठं खडक, कुठं जुन्या बाभळीचं खोड, सगळं त्यांनी पायाखाली घातलं. आता वर कितीही पाणी असो, अण्णांना तळ पाठ आहे.

गिऱ्हाइकाची परीक्षा मात्र ते कसून घेतात. "मासा घावंल ना?" म्हणणारा जागीच अर्धा नापास. "घावायचं माशाला इचारा. म्या बसायची ग्यारंटी देतो." लाल टी-शर्ट, अत्तर आणि मोबाइलची रिंग यांना काठावर बंदी. तलावाचा ठेका असलेल्या मच्छीमार सोसायटीला विचारल्याशिवाय ते पिशवी उघडत नाहीत. आणि सगळ्यात कडक नियम गप्प बसण्याचा. तो ते इतक्या मोठ्यानं समजावतात की पलीकडच्या काठावरचे बगळे उडतात.

साहेबांनी चकचकीत परदेशी रॉड काढला. अण्णांनी त्याच्याकडे दयेनं पाहिलं आणि आपली बांबूची काठी, तंगूस, पेंड-कणकेची गोळी मांडली. "कटल्याचं तोंड वर वळल्यालं, त्यो वरचं खातो. मृगळाचं खाली, त्यो चिखलात चरतो. राहू मधल्यामधी. गोळी कुठं सोडायची ते माशाच्या तोंडाकडं बघून ठरवा, माझ्या न्हाई."

पाच तास काहीच घडलं नाही. मग काठाजवळ तांबूस पिलांचा घोळका वर आला आणि त्याखाली काळीभोर मरळ. साहेब उठले, अण्णांनी त्यांचा हात धरला. "लेकुरवाळी हाय. पिल्लं राखायली." दिवसभरात दिसलेला तो एकमेव मासा. साहेब परतीच्या वाटेवर बोललेच नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्यांची थोडी कीवच आली.

अण्णा पैसे ठरवत नाहीत. द्याल ते न मोजता खिशात घालतात, मोजतात घरी. तेव्हा जाणार असाल तर मळखाऊ कपडे घाला, डबा दोघांचा घ्या आणि येताना बाजारातून मासळी विकत घेऊ नका. अण्णांच्या ते फार मनाला लागतं.