निवडा, पण निवांत

खामगावात बंद पडलेला लॅपटॉप लोक दुकानात नेतात. धडधाकट लॅपटॉप मात्र भाऊंच्या हाती सापडतो. सुरू होताना मालकाला काही न विचारणारं यंत्र भाऊंच्या लेखी बिघडलेलंच.

“एकच विंडोज? काहून? मानसाले निवड पाह्यजे ना बाप्पा!” म्हणत ते खिशातून पेनड्राइव्ह काढतात. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 वरून हात काढून घेतला, तेव्हापासून भाऊंना जेवायलाही फुरसत नाही. विंडोज 11 जुन्या यंत्रांना उभं करत नाही. मग भाऊ जुन्या विंडोजशेजारी लिनक्सचं बिऱ्हाड थाटून देतात आणि दोघांवर देखरेखीला रिफाइंड हा बूट मॅनेजर बसवतात. तो 2012 साली ज्यांनी काढला त्या रॉडरिक स्मिथ यांचा उल्लेख ते ‘आपले स्मिथसाहेब’ असा करतात.

सातबारा काढायला आलेल्या माणसालाही भाऊ आधी यंत्राला जागं करणारं यूईएफआय समजावतात. जुना बायोस डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून सुरुवात करायचा. यूईएफआय एका छोट्या फॅट पार्टिशनमधली फाईल उचलतं. तिथं रिफाइंड बसला की तो दर वेळी डिस्क स्वतः धुंडाळतो आणि सापडेल त्या सिस्टिमचं चित्र पडद्यावर मांडतो. उबुंटूत तर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल रिफाइंड’ एवढं लिहिलं की काम फत्ते. “दोन मिनटाचं काम हाये,” भाऊ म्हणतात. ऐकणारा मुकाट्यानं खुर्ची ओढतो.

एकदा एका कृषी सेवा केंद्रात भाऊंनी सिक्युअर बूट बंद केलं आणि पडदा निळा झाला. डिस्कला कुलूप घालणारा विंडोजचा बिटलॉकर 48 आकडी किल्ली मागू लागला. किल्ली मालकाच्या मुलाच्या खात्यात, मुलगा हिंजवडीत, हिंजवडीत मीटिंग. शेवटी तो फोनवर सहा-सहा आकडे सांगू लागला. मालक ते मोठ्यानं म्हणत, भाऊ टाइप करत. चौथ्या गटात एका शेतकऱ्यानं विचारलं, “युरिया कितीले?”

“दोनशे सहासष्ट.”

भाऊंनी तेही टाइप केलं.

किल्ली अर्थातच लागली नाही. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं गप्प बसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. विंडोज उघडलं, रिफाइंड बसला, मालकानं नमस्कार केला. पुढं एका अपडेटनंतर विंडोजनं बूटच्या यादीत आपलंच नाव परत वर नेलं, तेव्हा भाऊ चिडले नाहीत. उलट, बोलावणं येताच पोचले. एरवी त्या दुकानात त्यांना कोण विचारणार होतं?

रिफाइंड मुळात 20 सेकंद वाट पाहतो आणि मग ठरलेली सिस्टिम सुरू करतो. गिऱ्हाइकांना भाऊ तेवढाच वेळ देतात. स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र त्यांनी टाइमआउट शून्य ठेवलाय. शून्य म्हणजे लगेच नव्हे. कुणी बटण दाबेपर्यंत मेनू तसाच उभा. विंडोज, उबुंटू, मिंट, फेडोरा असे चौघं ताटकळतात आणि भाऊंचा चहा निवतो.

“आता एखादी पसंत कर ना रे बाबू!” आतून आई ओरडते.

आईचा रोख लॅपटॉपखालच्या फायलीकडे असतो. तिच्यात मुलींचे बायोडाटा आहेत.

“पाह्यतो ना माय,” भाऊ म्हणतात, “टाइमआउट झिरो हाये.”