जवळचा रविवार

आमचे साडू न्यू जर्सीत असतात आणि देशावर त्यांचं बारीक लक्ष असतं. २०२५च्या १५ ऑगस्टला आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या झेंडावंदनाचा फोटो मी फॅमिली ग्रुपवर टाकला. तिकडे गुरुवारचे रात्रीचे अकरा, तरी साडूंनी माणसं मोजली. "फक्त चौदा? फ्लॅट किती तुमचे? देशाबद्दल काही वाटतं की नाही?" चौदात वॉचमन आणि इस्त्रीवालाही धरलेत, हे मी बोललो नाही.

"तुमचं झेंडावंदन कधी?"

"जवळचा रविवार धरतो आम्ही."

जवळचा रविवार! देशासाठी जीव ओवाळून टाकतील, पण शुक्रवारी मीटिंग असते. ४ जुलै मात्र ४ जुलैलाच. त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि साडू अंगणात मक्याची कणसं भाजतात.

गणपतीचंही तेच. त्या वर्षी चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला. बुधवारी कोण येणार? पुढच्या शनिवारी लाँग वीकेंड, निम्मं मंडळ तंबू घेऊन डोंगरात. मग त्याच्या पुढचा शनिवार, ६ सप्टेंबर. त्या दिवशी अनंत चतुर्दशी. इकडे गिरगाव चौपाटीवर बाप्पा पाण्यात, तिकडे शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये प्राणप्रतिष्ठा. संध्याकाळी सहाला हॉल रिकामा करून द्यायचा असल्याने उत्तरपूजाही लगोलग. पुढच्या वर्षी लवकर या म्हणतात. लवकर म्हणजे नक्की कधी, हे बाप्पाने तरी कुणाला विचारावं?

१९४७लाही १५ ऑगस्टला शुक्रवारच होता. आपली मध्यरात्र म्हणजे न्यू जर्सीत दुपारचे अडीच, भर ऑफिसची वेळ. साडू तेव्हा कमिटीवर असते तर स्वातंत्र्य १७ तारखेला ढकललं असतं, दुपारी बारा ते चार, जेवणासह, पाच वर्षांखालील मुलांना फुकट. दोन दिवसांनी काय बिघडतं? तर त्या रविवारी, १७ तारखेला, रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली. देश स्वतंत्र होऊन दोन दिवस झाले होते आणि आपलं घर कुठल्या देशात पडलं हे पंजाब-बंगालातल्या माणसांना तेव्हा अधिकृतपणे कळत होतं. तोवर लोक कापले जात होते, गाड्या भरभरून निघत होत्या. त्या माणसांना जवळचा रविवार कुणी विचारला नव्हता. आणि हे आमची चौदा माणसं मोजणार! अहो, त्या चौदातले नऊ जण झेंड्याला सलाम करून तसेच दुकान उघडायला पळाले. सुट्टी त्यांनाही नव्हती.

साडूंना सुट्टी मिळतच नाही असंही नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना शपथविधी मंगळवारी होता. त्यांनी आख्ख्या दिवसाची रजा टाकली, सूट इस्त्री करून घेतला, उजवा हात वर केला आणि परक्या देशांवरच्या साऱ्या निष्ठा आपण सोडत आहोत असं खड्या आवाजात म्हणाले. त्या परक्यांत आम्हीही आलो. तो फोटोही ग्रुपवर आला होता. मी अंगठा दाखवला. माणसं मोजली नाहीत.

परवा कॅलेंडर चाळताना दिसलं, २०२७ला १५ ऑगस्ट खुद्द रविवारी येतोय. मी उत्साहाने कळवलं.

"अरे वा!" साडू म्हणाले. "पण त्याच सुमारास धाकटीला कॉलेजात सोडायला जायचं असेल. पुढचा रविवार बघू."