तापू आणि मोकळं

‘तापू’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, कुणीतरी दूध तापत ठेवून ‘लक्ष ठेव रे’ म्हणून शेजारी गेलंय. अर्थापासून मी फार लांब नव्हतो. 1777 साली कॅप्टन कुक टोंगाच्या बेटांवर जेवायला माणसं बोलावून बसला. ती आली, पण कुणी बसेना, कुणी घास घेईना. विचारलं तर उत्तर एकच, तापू. कुकने शब्द वहीत उतरवला आणि तो इंग्रजीत जाऊन ‘टॅबू’ झाला. पुढे 1913 मध्ये फ्रॉइडने त्याला पुस्तकाच्या नावात बसवलं. या प्रवासात त्याचं अर्धं सामान मात्र बेटांवरच राहिलं. टोंगातल्या मुख्य बेटाचं नावच टोंगातापू, म्हणजे पवित्र दक्षिण. तिथला वक्ता भाषणाआधी थोरामोठ्यांची नावं घेत ‘तापू’ म्हणतो. तेव्हा तो आपल्या ‘आज्ञा असावी’सारखा अदबीने वाकलेला असतो. न्यूझीलंडच्या माओरींचं बायबल ‘पाइपेरा तापू’. त्यांच्याकडे डोकं तापू, म्हणून उशीवर बसायचं नाही. हवाईत ‘त’चा ‘क’ होतो, आणि फाटकावरच्या पाटीवर ‘कापू’ असं लिहिलेलं दिसतं. आत येऊ नका, एवढाच त्याचा अर्थ. पण मराठी माणूस दोन पावलं जास्तच मागे सरकेल.

इंग्रजीला न पेलणारं ते उरलेलं सामान मी मात्र ओळखतो. आमच्या घरी ते उंच वळणीवर वाळत असे. आजी काठीने सोवळं वर टाकायची, पताका चढवावी तसं, आणि त्याखालून जाताना आम्ही खांदे चोरायचो. सकाळची आजी म्हणजे कापराच्या वासाचं एक बेट. होडी लावायला बंदी. ‘शिवू नकोस’ हे ती रागावून म्हणते की देवाला सांभाळून, हे मला कधी कळलं नाही. बहुधा तिलाही वेगळं करून सांगता आलं नसतं. तापूलाही ते येत नाही.

तापूच्या उलट अर्थाचा शब्द ‘नोआ’, म्हणजे मोकळं, रोजचं. माओरी माणूस स्मशानातून निघताना हातांवर पाणी घेतो आणि पुन्हा नोआ होतो. हवाईत बायकांना केळं, नारळ, डुकराचं मांस वर्ज्य होतं आणि पुरुषांच्या पंगतीत बसणंही. 1819 मध्ये तरुण राजा लिहोलिहो उठला आणि बायकांच्या पानाशी जाऊन जेवला. एवढ्या एका जेवणाने जुनी व्यवस्था कोसळली. त्या जेवणाचं नाव ‘आय नोआ’, मोकळं जेवण. राज्यं उलथायला तोफा लागतात असं आम्हाला इतिहासाच्या तासाला शिकवलं होतं. केळ्याचा उल्लेख नव्हता.

आमच्याकडे असलं काही घडलं नाही. दुपारी जेवणं आटोपली की आजी सोवळं सोडायची, जुनेरं नेसायची आणि माजघरात पाय पसरून बसायची. मग पदराचा एक कोपरा नुसता जमिनीवर पडलेला असे, कुणीही येऊन त्यावर डोकं ठेवावं असा.