खालून बघून घ्या जी

जुन्या स्पोर्ट्‌स कारची योग्य किंमत म्हणजे जो आकडा ऐकून विकणारा उठून जात नाही आणि घेणाऱ्याला तो घरी सांगता येतो. नागपूरच्या प्रताप नगरात हा आकडा दोन टप्प्यांत ठरतो. पहिल्या टप्प्यात गाडी वरून बघतात, दुसऱ्यात खालून. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पैसे.

स्पोर्ट्‌स कार म्हणजे दोन दरवाज्यांची, बसायला वाकावे लागणारी आणि उतरायला कोणीतरी हात द्यावा लागणारी गाडी. ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड4 ही त्यातली ओळखीची नावे. साध्या सेडानला मागे पंख लावून आणि सायलेन्सरला भोक पाडून तीही याच नावाखाली विकायला काढतात. तिचा विचार येथे केलेला नाही. खऱ्या स्पोर्ट्‌स कारचे लक्षण एकच, तिचे पोट जमिनीपासून जेमतेम 11 ते 13 सेंटिमीटर उंच असते. बाकी सगळे, म्हणजे घोडे, गिअर, छप्पर उघडणे, हे या लक्षणापुढे गौण आहे. का, ते पुढे येईलच.

व्यवहाराची सुरुवात ठरलेल्या वाक्यांनी होते. विकणारा म्हणतो, ‘घरचीच गाडी आहे, एक रुपयाचं काम नाही.’ घेणारा विचारतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते जी?’ अडीचशेच्या वेगाची गाडी घेणाऱ्याने लिटरमागे किलोमीटर विचारणे विसंगत वाटेल, पण हा प्रश्न न विचारणाऱ्याला पैशाची किंमत नाही असे समजून भाव चढवला जातो. त्यामुळे तो विचारतात. त्याचे उत्तर खरे देण्याची प्रथा नाही.

मग कागद. विम्याच्या कोष्टकानुसार नव्या गाडीची किंमत पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षाअखेर 15, दुसऱ्या वर्षी 20, तिसऱ्या वर्षी 30, चौथ्या वर्षी 40 आणि पाचव्या वर्षी 50 टक्के घटलेली धरतात. 60 लाखांची गाडी पाचव्या वर्षी 30 लाखांची झाली, इथपर्यंत गणित सरळ आहे. पाच वर्षांपुढे मात्र विमा कंपनी आणि मालक यांनी किंमत आपसात ठरवायची असते. म्हणजे कोष्टकही पाचव्या वर्षी हात टेकते आणि तुम्हीच बघून घ्या जी, म्हणते. आणि प्रताप नगरात विकायला निघणारी प्रत्येक स्पोर्ट्‌स कार पाच वर्षांपुढची असते. विकणारा याच वेळी 50 टक्के नो क्लेम बोनस ‘गाडीसोबत’ देऊ करतो. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी गेली तरी तो जुन्या मालकाकडेच राहतो. जे देता येत नाही ते देण्यात विकणारा कमालीचा उदार असतो.

गाडी दिल्ली पासिंगची असेल तर भाव पडेल असतो. तिथे पेट्रोल गाड्यांना 15 आणि डिझेल गाड्यांना 10 वर्षांची मर्यादा आल्यापासून बऱ्याच गाड्यांना नागपूरची हवा मानवू लागली आहे. अशा गाडीला 28 नंबरचा फॉर्म, म्हणजे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि तिथे भरलेल्याचा उरलेला भाग परत मागता येतो. मागता येतो, एवढेच.

भाव अडला की विकणारा वेगाचा मुद्दा काढतो. ‘समृद्धीवर घ्या, मंग बोला.’ समृद्धी महामार्ग नागपुरातच सुरू होतो, 701 किलोमीटर आहे आणि त्यावर कारला वेगाची मर्यादा ताशी 120 आहे. आता समजा गाडीच्या काट्यावर 260 पर्यंत आकडे आहेत आणि सांगितलेली किंमत 28 लाख आहे. म्हणजे ताशी एका किलोमीटरचा दर साधारण 10 हजार 769 रुपये पडला. कायद्याने वापरता येणारे 120 किलोमीटर घेतले तर गाडी 12 लाख 92 हजारांची होते; उरलेले 15 लाख हे लाल दिव्यापाशी शेजारच्या स्कूटीवाल्याने वळून बघावे म्हणून मोजायचे. परंतु गाडी समृद्धीवर राहत नाही, गल्लीत राहते. गल्लीतला वेग ताशी 15. त्या हिशेबाने तिची योग्य किंमत 1 लाख 61 हजार 538 रुपये निघते, आणि तेवढ्यात बरी स्कूटर येऊन वर तर्री-पोह्याचे पैसे उरतात. हा हिशेब बिनतोड असूनही आजवर कोणत्याही विकणाऱ्याने मान्य केलेला नाही.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी ‘फक्त चार हजार चालली’ असली तरी नागपूरचे उन्हाळे टायरने किलोमीटर न मोजता सोसलेले असतात. ते आकडे वाचायला घेणारा उकिडवा बसतो. उकिडवा बसलेला माणूस खाली बघतोच. येथून दुसरा टप्पा सुरू होतो.

गाडीच्या पोटावर चरे असतात. ते समोरून मागे, समांतर, नांगरल्यासारखे. इंजिन कितीही मख्खन असो, भाव या चऱ्यांवर ठरतो, कारण ऑइल पॅन त्याच भागात असतो. हे चरे शर्यतीत पडलेले नसतात. ते घराच्या गेटपासून रिंग रोडपर्यंत पडलेले असतात. मानकाप्रमाणे गतिरोधकाची उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर असावी लागते. ताशी 25 च्या वेगाने तो अलगद ओलांडता यावा हा त्यामागचा विचार. गल्लीतला गतिरोधक त्यातली उंची मनापासून पाळतो, वाढवूनही पाळतो, आणि रुंदी दीड हातात आटोपतो. त्याची उत्पत्ती पुढीलप्रमाणे : कोणाच्या तरी स्लॅबचा माल उरतो, त्याच आठवड्यात कोणाचा तरी पोट्टा बाइक जोरात नेतो, आणि सकाळी रस्त्याला आडवे पोट आलेले असते. त्यावर पांढरे पट्टे नसतात, पाटी नसते. पुढच्या गल्लीला वाटते आपण मागे राहिलो. मग तिथे दोन होतात. स्पोर्ट्‌स कारचा मालक हे सगळे तिरपे ओलांडतो, एकेक चाक चढवत, पूर्ण गल्ली अडवून, मागे ऑटोवाला हॉर्नवर झोपलेला असताना. चाचणीच्या फेरीत घेणाऱ्याने रस्ता न बघता मालकाचा हात बघावा. काही दिसत नसतानाही हात आपोआप तिरपा वळला, तर तिथे काय आहे हे गाडीचे पोट आधी शिकले आहे असे समजावे आणि दर वळणामागे वीस हजार कमी करावेत.

गतिरोधक निदान ओलांडता येतो. सिमेंटच्या रस्त्याचे तसे नाही, आणि ही गोष्ट शांतपणे मांडण्यासारखी नाही. रस्ता नवा करायचा म्हणजे जुना खरवडायचा, ही समजूत कोणत्या पुस्तकात राहिली कोण जाणे. इथे जुन्याच्या डोक्यावर नवा बसतो, वीतभर जाड, आणि दोन्ही बाजूंची घरे जागच्या जागी खड्ड्यात जातात. ज्या घरात माणसे तीन पायऱ्या चढून जात, त्यात आता दोन उतरून जातात. पाऊस आला की रस्त्याचे पाणी दिवाणखान्यात येते आणि म्हातारी माणसे पलंगावर पाय वर घेऊन बसतात, आयुष्यभराच्या पैशातून बांधलेल्या घरात, बादल्या मोजत. जोते उंच बांधा म्हणणारा मिस्त्री बरोबर होता, किती उंच ते त्यालाही ठाऊक नव्हते. कंत्राटात रस्त्याची लांबी मोजली, रुंदी मोजली, जाडी मोजली. शेजारच्या उंबरठ्याची पातळी एकदा जाऊन बघायला एक माणूस आणि एक पाण्याची नळी लागते. ती नळी कोणालाही मिळाली नाही. यात स्पोर्ट्‌स कारचे दुःख ते काय? पण किंमत तिचीच ठरवायची असल्याने एवढे नोंदवावे लागते की, अशी गाडी एकदा अंगणात उतरली की स्वतःच्या बळावर वर येत नाही. तीनशे घोडे असले तरी नाही.

त्यासाठी मालक गेटाशी लाकडाच्या दोन जाड फळ्या ठेवतो. गाडी निघताना त्या लावतात, गाडी वर आली की उचलतात, परतल्यावर पुन्हा लावतात.

शेवटी आकडा जुळतो. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या होतात, कर्जाचा बोजा असेल तर 35 नंबरचा फॉर्म बँकेकडून येतो, विमा नावावर करण्यासाठी 14 दिवस असतात. लाखांची सूट हसत दिली-घेतली जाते. मग गाडी बाहेर काढायची वेळ येते आणि फळ्यांचा प्रश्न निघतो. घेणाऱ्याच्या मते त्या गाडीसोबतच्या, विकणाऱ्याच्या मते घरासोबतच्या. दोन हजारांवरून सुरू झालेली ही घासाघीस कधी कधी गाडीच्या घासाघिशीहून लांबते आणि शेजारी खुर्च्या टाकून बसतात. बहुधा फळ्या विकणाऱ्याकडेच राहतात. त्याने त्या देऊ नयेत यामागे हट्ट नसतो. दुसरी गाडी, याहून दोन सेंटिमीटर खाली असलेली, तो आधीच बघून आलेला असतो.