मॅक्रोने केलं!

ऑफिसात हल्ली एक हक्काचा आरोपी मिळाला आहे. पगारपत्रक चुकलं? मॅक्रोने केलं. तारखा उलटल्या? मॅक्रोने केलं. बिचाऱ्याला वकीलही मिळत नाही.

मॅक्रो, म्हणजे एक्सेलला एकदा शिकवून ठेवलेली कामांची साखळी, लिहिला कोणी? जो नोकरी सोडून केव्हाच गेला, त्याने. कळतो कोणाला? त्यालाच. चालवतं कोण?

सगळं ऑफिस.

रंग लागायला हवा होता थकबाकीच्या शीटला, पिवळी झाली हजेरी. का? मॅक्रो रेकॉर्ड करताना कोणत्या शीटवर काम करायचं, हे त्याला सांगितलंच नव्हतं. मग समोर उघडं दिसेल त्याला तो रंग फासतो. सांगितलं तेवढंच ऐकणारा कर्मचारी हवा होता ना? घ्या.

तारखांची गंमत वेगळीच. मॅक्रोची भाषा, म्हणजे व्हीबीए, वळणाने अमेरिकी. ‘०३/०४/२०२५’ हा मजकूर मॅक्रोने सेलमध्ये टाकला की आपल्या ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. १३ तारखेपासून पुढे मात्र ही उलथापालथ नाही. तेरावा महिना आपल्याकडे निदान दुष्काळात तरी येतो, अमेरिकेत येतच नाही. म्हणजे घोळ फक्त पहिल्या १२ तारखांचा. आणि तपासणारे साहेब नेमकी महिनाअखेरची नोंद बघून ‘ओके’ म्हणतात.

खातेक्रमांक १६ अंकी असेल तर शेवटचा अंक शून्य होतो. एक्सेल १५ अंकांपुढे आकडा लक्षातच ठेवत नाही. मग मॅक्रोत घाईघाईने ‘टेक्स्ट’ फॉरमॅट लावायचा. वरातीमागून घोडं! गेलेला अंक फॉरमॅट बदलून परत येत नाही. आधी फॉरमॅट, मग आकडा. एवढाच क्रम पाळायचा असतो.

आपणच अडाणी, असं वाटून घेऊ नका. शास्त्रज्ञही यात फसले. ‘मार्च१’, ‘सेप्ट२’ अशा जनुकांच्या नावांच्या एक्सेल तारखा करून टाकायचं. २०१६ च्या एका पाहणीत जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशात असा घोळ सापडला. उपाय काय निघाला? २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलली. हे आपोआप रूपांतर बंद करायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली २०२३ मध्ये.

आधी निसर्गाने नमतं घेतलं, मग एक्सेलने.

आणि मॅक्रो लिहिणाऱ्यांची ती लाडकी ओळ, ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’. चूक आली तरी बोलू नका, पुढे चला. ही ओळ मॅक्रोची की आपल्या एकूण कारभाराची?

आधी ती ओळ काढा. मग एफ८ दाबत मॅक्रो एकेक ओळ चालवा. गुन्हेगार पाचव्या-सातव्या ओळीत सापडतो आणि तो बहुधा माणसाने टाईप केलेला असतो.

तोवर एक करा. मॅक्रो चालवल्यावर कंट्रोल-झेड हाकेला ओ देत नाही. फाइलची कॉपी आधी काढून ठेवा.