आधी कानामागे

आमच्या घराण्यात केस रंगवायचं ठरतं ते लग्नाच्या आदल्या रात्री. पाहुणे सतरंज्यांवर पसरलेले असतात आणि मामांना अचानक स्वतःचे पांढरे कल्ले दिसतात. मग भाचा कोपऱ्यावरच्या दुकानातून कलपाची पुडी आणतो, बाथरूममध्ये फुटकी वाटी आणि जुना टूथब्रश निघतो. पुडीवर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं असतं, आधी थोडा कलप लावून ४८ तास वाट पाहा. मुहूर्त सकाळचा. मामा वाट बघत नाहीत. मांडवात केसांपेक्षा कपाळ काळं दिसतं.

ते ४८ तास उगाच नसतात. काळ्या कलपात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याचे रंगहीन, बारीक रेणू केसात शिरतात, पेरॉक्साइड भेटलं की एकमेकांना धरून मोठे आणि काळे होतात, मग बाहेर पडायला वाटच उरत नाही. (आमच्याकडचे मे महिन्यातले पाहुणे याच तत्त्वावर चालतात.) ज्याला हे सोसत नाही त्याचं डोकं खाजतं, तोंड सुजतं, आणि हा प्रताप बऱ्याचदा एक-दोन दिवसांनी उमटतो. वर्षानुवर्षं सोसलेलंही एखाद्या वेळी उलटतं. ‘मी बाई फक्त काळी मेंदी लावते’ म्हणणाऱ्या काकूंना कोण सांगणार? निव्वळ मेंदीने पांढरे केस नारिंगी होतात. त्या पुडीतला काळेपणा बहुतेकदा पीपीडीचाच.

यंदा भाचीच्या लग्नाआधी मी शहाणपणाने आठवडाभर अगोदर गल्लीतलं पार्लर गाठलं.

“काकू, अमोनिया-फ्री घ्या, एकदम माइल्ड.”

अमोनियाचं काम केसावरचे खवले उघडायचं. तो काढला तरी ते कुणीतरी उघडायलाच हवेत, म्हणून बहुधा त्याच्या जागी इथेनॉलअमाइन येतं. नाकाला आराम, केसाला फारसा नाही, आणि बिल वर. मी म्हटलं, “साधाच लाव, पण फक्त मुळांना.” पार्लरवालीचा चेहरा उतरला. पण माझ्या मते स्वस्ताई आणि केसांवरची माया, दोन्ही इथेच साधते. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो, पांढरं दिसतं ते तेवढंच. दरवेळी टोकापर्यंत फासलं की पैसेही जातात आणि टोकंही. नंतर दोन दिवस शाम्पू नाही, कढत पाणी तर नाहीच. हेअर स्पाबद्दल मी तिथे काही बोलले नाही, तिचं पोट त्यावर आहे.

“आणि आधी टेस्ट कर,” मी म्हटलं. असं मागणारं गिऱ्हाईक तिने बहुधा पाहिलं नसावं. कानामागे तिने चांगला ठसठशीत ठिपका लावला. “परवा या.”

मधल्या दिवशी घरी बांगड्या भरायचा कार्यक्रम. मी अंबाडा घालून, नथ-बिथ लेवून बसलेले. मावशीने मागून निरखून पाहिलं आणि भर बायकांत विचारलं, “अगं, तीट लावून आलीस? या वयात कोणाची दृष्ट लागणार होती तुला?”